गुण मिळाले, वेळेवर पोहोचले काय?

म्हैसूर शहराच्या वायव्येस हेब्बाळ नावाचा भाग आहे. बंगळूरचे हेब्बाळ ते निराळे, हे म्हैसूरचे. येथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे, इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पुन्हा स्वच्छ केलेला एक तलावही आहे. जवळच मेटगळ्ळीला रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापण्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येऊन राहतात. त्यांत पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-बेळगावची मराठी कुटुंबेही असतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात कन्नड असा त्यांच्या मुलांचा नित्याचा व्यवहार होऊन जातो.

ह्या घरांतून एप्रिल-मे महिना आला म्हणजे एकच विषय निघतो: बारावीनंतर पुढे काय? मुलाने अभ्यास केला, परीक्षा दिल्या, गुणही चांगले मिळाले. तथापि तेवढ्याने महाविद्यालयाचे दार उघडत नाही. मिळालेले गुण योग्य कचेरीकडे, योग्य दाखल्यांसह आणि ठरलेल्या मुदतीत पोहोचावे लागतात. अभ्यास मुलाचा, परंतु ही दुसरी कामगिरी बव्हंशी घरातील वडीलधाऱ्यांची आहे. आणि तिचा प्रारंभ निकालाच्या दिवशी होत नाही. तो कित्येकदा सहा-सात वर्षे आधीच झालेला असतो.

एक मूल, तीन हिशेब

समजा, नागपूरचे एक कुटुंब बदलीमुळे हेब्बाळला आले आणि त्या वेळी मुलगी नववीत होती. तिने दहावी आणि बारावी दोन्ही म्हैसुरातून उत्तीर्ण केल्या. आता ती कोणत्या राज्याची विद्यार्थिनी? ह्या साध्या प्रश्नाला आपल्या देशात एक उत्तर नाही. निरनिराळ्या प्रवेशपरीक्षांची उत्तरे निरनिराळी आहेत.

पहिला हिशेब कर्नाटकाचा. येथील सामाईक प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेते. तिच्यातून मिळणाऱ्या सरकारी कोट्यातील जागांसाठी जे मुख्य कलम आहे त्याची अट अशी की, विद्यार्थ्याने पहिली ते बारावी ह्या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळांतून शिकलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. आपल्या मुलीची वर्षे मोजा: नववी, दहावी, अकरावी, बारावी. चारच भरली. हेच कुटुंब मुलगी सहावीत असताना आले असते तर सहावी ते बारावी अशी बरोबर सात वर्षे झाली असती. सातवीत आले असते तर सहाच भरली असती आणि एका वर्षाने हे दार मिटले असते. केंद्र सरकारचे कर्मचारी, सैन्यदलातील लोक इत्यादींच्या मुलांसाठी निराळी कलमे आहेत. अशा पालकांनी आपल्या कलमाच्या अटी माहितीपुस्तिकेत आधीच वाचून ठेवाव्यात.

दुसरा हिशेब केंद्रीय संस्थांचा. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. परंतु तेथे राज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाली ह्यावरून. मातृभाषा, जन्मस्थान किंवा वडिलांचे गाव तेथे विचारात घेतले जात नाही. म्हणून आपली नागपूरची मुलगी सुरतकलच्या संस्थेत घरची ठरते, आणि ज्या नागपुरात तिचे बालपण गेले तेथील विश्वेश्वरय्या संस्थेत मात्र परराज्यातील ठरते. कर्नाटकाची सीईटी तिला आपली मानत नाही, आणि कर्नाटकातील राष्ट्रीय संस्था तिला आपली मानते! हे विचित्र वाटेल. परंतु दोन्ही नियम आपापल्या जागी स्पष्ट लिहिलेले आहेत.

तिसरा हिशेब महाराष्ट्राचा. तेथील अभियांत्रिकी प्रवेशात उमेदवारांचे प्रकार पाडलेले आहेत. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली नसली तरी विद्यार्थी स्वतः, अथवा त्याचे आई किंवा वडील, महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि तसा दाखला, ज्याला आपण डोमिसाईल म्हणतो, जवळ असेल तर तो राज्याचा उमेदवार धरला जातो. सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र प्रकार आहे. तेव्हा आपल्या मुलीला हे दार खुले आहे. मात्र त्यासाठी तिने महाराष्ट्राची सीईटीही दिलेली असली पाहिजे, आणि आईचा किंवा वडिलांचा अधिवासाचा दाखला हाती असला पाहिजे. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे नागपुरात आणि बिऱ्हाड म्हैसुरात, अशा स्थितीत हा दाखला जून महिन्यात घाईने मिळवू म्हटले तर मिळेलच असे नाही. तो मुलगी अकरावीत असतानाच दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर काढून ठेवावा.

वैद्यकीय शाखेचे नियम ह्याहून कडक आहेत. नीट ही परीक्षा साऱ्या देशाला एकच आहे. परंतु राज्याच्या कोट्यातील जागा राज्याच्या अटींनीच भरल्या जातात. महाराष्ट्रात सर्वसाधारण नियम दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून उत्तीर्ण झाल्याचा, शिवाय अधिवासाचा. कर्नाटकात सात वर्षांचा. म्हणजे नववीत स्थलांतर केलेल्या आपल्या मुलीला एखादा अपवाद लागू न झाल्यास दोन्ही राज्यांचे कोटे बंद होतात. उरतात त्या सरकारी महाविद्यालयांतील पंधरा टक्के अखिल भारतीय जागा आणि खाजगी व अभिमत संस्थांतील महाग जागा. १९२४ साली स्थापन झालेले म्हैसूरचे वैद्यकीय महाविद्यालय घरापासून काही मैलांवर आहे. परंतु तेथे शिरण्यासाठी तिला शेजारच्या मैत्रिणीपेक्षा पुष्कळच वरचा क्रमांक लागेल. म्हणून बदली होण्याचा संभव असलेल्या पालकांनी मूल सहावी-सातवीत असतानाच हा हिशेब मांडावा. बदली स्वीकारावी की नाही, कुटुंब मागे ठेवावे की सोबत न्यावे, ह्या निर्णयांत ही गोष्टही विचारात घ्यावी.

निम्मे बारावीचे, निम्मे सीईटीचे

कर्नाटकात सीईटीची पद्धत १९९४ साली सुरू झाली. अभियांत्रिकीचा क्रमांक लावताना बारावीतील भौतिक, रसायन व गणित ह्या विषयांच्या गुणांना निम्मे आणि सीईटीच्या गुणांना निम्मे वजन देतात. एखाद्याला बारावीत ३०० पैकी २७० गुण, म्हणजे ९० टक्के मिळाले, आणि सीईटीत १८० पैकी १०८, म्हणजे ६० टक्के मिळाले, तर त्याची सरासरी ७५ होते. तोच विद्यार्थी पुनर्मूल्यांकनात बारावीचे नऊ गुण वाढवून घेईल तर सरासरी ७६.५ होईल. दीड गुणाने काय होते असे कोणी म्हणेल. परंतु लाखांच्या यादीत दीड गुणात शेकडो विद्यार्थी उभे असतात.

हे बारावीचे गुण प्राधिकरणाकडे जातात कसे? राज्याच्या पदवीपूर्व परीक्षेचे, ज्याला तेथे पीयूसी म्हणतात, गुण राज्याच्या मंडळाकडून मिळतात. परंतु हेब्बाळमधील बदलीवाल्या कुटुंबांची मुले बहुधा केंद्रीय मंडळाच्या शाळांत असतात. सीबीएसई, आयसीएसई आणि इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांना आपले गुण प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः भरावे लागतात. त्यासाठी निकालानंतर थोड्या दिवसांची मुदत दिली जाते. सीईटी एप्रिलमध्ये झालेली असते, मुलगा थकून मामाच्या गावी गेलेला असतो, आणि ज्या मोबाईलवर सूचना यावयाची तो क्रमांक कोणा दुकानदाराचा दिलेला असतो. गुण न भरले तर क्रमांक रोखून ठेवला जातो. परीक्षा उत्तम देऊनही यादीत नाव नाही, अशी ही अवस्था.

कर्नाटकात बारावीची परीक्षा एका वर्षात एकाहून अधिक वेळा देण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ घेणाऱ्यांनी, तसेच पुनर्मूल्यांकनास अर्ज करणाऱ्यांनी, सुधारलेले गुण सीईटीच्या क्रमांकासाठी केव्हापर्यंत कळवावयाचे हे त्या वर्षीच्या सूचनेत आवर्जून पाहावे. गुण वाढविणे ही एक गोष्ट आणि वाढलेले गुण यादी होण्यापूर्वी पोहोचविणे ही दुसरी.

महाराष्ट्राची रीत ह्याहून भिन्न आहे. तेथे अभियांत्रिकीसाठी बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात. गुणवत्तायादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर अनेक सत्रांत होत असल्याने प्रत्यक्ष गुणांऐवजी पर्सेंटाइल काढण्याची पद्धत आली. ९५ पर्सेंटाइल ह्याचा अर्थ ९५ टक्के गुण असा नव्हे. आपल्या सत्रातील शंभरांपैकी ९५ विद्यार्थी आपल्या बरोबरीने अथवा मागे आहेत असा त्याचा अर्थ. कर्नाटकाचा क्रमांक आणि महाराष्ट्राचे पर्सेंटाइल ह्यांची तुलना करून मुलाला बोल लावणे म्हणूनच योग्य नाही.

दोनदा परीक्षा, कोणता गुण धरावयाचा?

जेईई मुख्य परीक्षा वर्षातून दोन वेळा, जानेवारीत व एप्रिलमध्ये होते. दोन्ही वेळा बसलेल्या विद्यार्थ्याचा जो गुणांक अधिक तो आपोआप धरला जातो. येथे पालकांना काही निवडून पाठवावयाचे नसते. म्हणून जानेवारीची परीक्षा कच्च्या तयारीने दिली तर नुकसान होईल ही भीती अनाठायी आहे. उलट पहिल्या वेळी केंद्र, वेळ आणि प्रश्नांचा धाटा ह्यांची ओळख होते.

परदेशात ही निवड विद्यार्थ्याकडे असते. अमेरिकेत १९२६ पासून चालू असलेली सॅट ही परीक्षा अनेकदा देता येते, आणि कोणत्या वेळचे गुण कोणत्या महाविद्यालयाला पाठवावयाचे हे बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ठरवितो. काही संस्था मात्र सर्व गुण मागतात. लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या प्रारंभी, इतरांची जानेवारीच्या सुमारास असते. कोविडच्या काळात पुष्कळ विद्यापीठांनी हे गुण ऐच्छिक केले. त्यांपैकी मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेने मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सक्तीचे केल्याचे जाहीर केले. इंग्लंडमध्ये विद्यार्थी शाळेने वर्तविलेल्या गुणांवर जानेवारीत अर्ज करतात आणि ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावर सशर्त मिळालेली जागा पक्की होते. म्हणजे मुदतीची ही चिंता केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. फरक इतकाच की, तेथे एक अर्ज अनेक संस्थांना चालतो. आपल्याकडे प्रत्येक परीक्षेची कचेरी, संकेतस्थळ, शुल्क आणि शेवटची तारीख स्वतंत्र आहे.

नियम बदलतात

कित्येक पालक थोरल्या मुलाच्या वेळच्या अनुभवावर धाकट्याचा प्रवेश करावयास जातात. ह्यासारखी चूक नाही. महाराष्ट्रात २०१४ व २०१५ ह्या दोन वर्षी अभियांत्रिकीचे प्रवेश जेईईच्या गुणांवर झाले, आणि २०१६ साली पुन्हा राज्याची सीईटी आली. २०१७ पूर्वी जेईईच्या क्रमांकात बारावीच्या गुणांनाही वजन असे. नंतर ते काढून टाकण्यात आले.

कर्नाटकातील एक प्रकरण तर सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२१ साली कोविडमुळे बारावीची नेहमीची परीक्षा झाली नाही. म्हणून त्या वर्षी सीईटीचा क्रमांक केवळ सीईटीच्या गुणांवर लावला गेला. २०२२ साली पुन्हा निम्म्या-निम्म्याचे सूत्र आले. आदल्या वर्षी बारावी झालेली हजारो मुले अधिक चांगल्या जागेच्या आशेने त्या वर्षी पुन्हा सीईटीस बसली होती. त्यांचे २०२१ चे बारावीचे गुण धरण्यास प्राधिकरणाने नकार दिला आणि त्यांचे क्रमांक फार खाली गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये निर्णय विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला, आणि पुढे एका सूत्रावर तोडगा निघून सुधारित यादी लागली. तोवर सर्वांचेच प्रवेश खोळंबले. ह्यातून बोध असा की, एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असेल तर आदल्या वर्षीचे कोणते गुण पुढील वर्षी धरले जातील ह्याची चौकशी निर्णयापूर्वीच करावी.

दाखल्यांनाही वय असते

गुणांप्रमाणे दाखल्यांचीही मुदत असते. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गीयांचा नॉन-क्रिमी लेयरचा दाखला त्याच वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर दिलेला लागतो. आदल्या दिवाळीत मोठ्या तत्परतेने काढून ठेवलेला कागद जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. तेव्हा काही दाखले आधी काढावयाचे आणि काही एप्रिल लागल्यावरच, हे ध्यानात ठेवावे. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणास सामान्यतः चालत नाही, हेही स्थलांतरित कुटुंबांनी विसरू नये. सात वर्षांच्या शिक्षणाचा दाखला मुख्याध्यापकांच्या सहीचा असून त्यावर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. मुलाने तीन शाळा बदलल्या असतील तर तीन ठिकाणी जावे लागते, आणि मे महिन्यात शाळा बंद असतात. नावाच्या अक्षरांची गोष्टही तशीच. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये आणि आधारपत्रावर ते नाहीच, असा फरक असल्यास तो अकरावीतच दुरुस्त करून घ्यावा.

जागा मिळाल्यानंतर

जागा मिळाली की काम संपले असे समजू नये. कर्नाटकाच्या फेरीत विद्यार्थ्यासमोर चार पर्याय ठेवले जातात: मिळालेली जागा स्वीकारून प्रवेश घेणे, ती हातची ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहणे, ती सोडून पुढील फेरीत भाग घेणे, किंवा प्रक्रियेतूनच बाहेर पडणे. तिसऱ्या पर्यायात हातची जागा जाते, हे न समजता तो निवडणारे दरवर्षी पस्तावतात. महाराष्ट्रात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर जागा आपोआप पक्की होते. म्हणून पसंतीक्रम भरताना पहिले नाव गंमत म्हणून लिहू नये.

दोन राज्यांच्या फेऱ्या मागे-पुढे चालतात. म्हैसूरच्या १९४६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेत जागा मिळाली असता पुण्याची यादी अजून लागावयाची असते. अशा वेळी एक जागा घेऊन दुसरीची वाट पाहणे हा व्यवहार आहे. परंतु पैशाचा हिशेब ठाऊक असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या सूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर, थोडे प्रक्रियाशुल्क वजा जाता, पूर्ण शुल्क परत मिळते. पंधरा दिवसांच्या आत आले तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे काही नाही. पुढील काही वर्षी आयोगाने ह्याहून सवलतीच्या सूचनाही काढल्या. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या आणि प्रवेश देणाऱ्या प्राधिकरणांच्या अटी स्वतंत्र असतात, त्याही पाहाव्यात. त्याच सूचनेप्रमाणे विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत. हे नम्रपणे परंतु ठामपणे सांगण्याचा पालकांना अधिकार आहे.

घरातील कामाची वाटणी

प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्या ज्या चौकटीत दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहिली जाते त्याच चौकटीत लाल शाईने प्रवेशाच्या तारखा लिहाव्यात. आणि प्रत्येक शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी आपली स्वतःची शेवटची तारीख धरावी. अखेरच्या संध्याकाळी संकेतस्थळ मंदावते, वीज जाते, बँकेचा व्यवहार अडतो. अर्जात मोबाईल क्रमांक आणि ई-मेल घरातील मोठ्या माणसाचा असावा, आणि तो प्रवेश पुरा होईपर्यंत बदलू नये. ओटीपी आला की तो काही मिनिटांतच भरावा लागतो. दुकानातून अर्ज भरून घेतला तरी परवलीचा शब्द घरच्या वहीत उतरून घ्यावा आणि पावतीची छापील प्रत फाईलमध्ये लावावी. त्या फाईलमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, अधिवास, जात व उत्पन्न ह्यांचे दाखले आणि छायाचित्रे, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स प्रतींसह असावीत.

हे काम मुलावर टाकू नये. परीक्षेच्या तोंडावर त्याच्या डोक्यावर दाखल्यांचे ओझे नको. तथापि त्याला अंधारातही ठेवू नये. रविवारी सकाळी अर्धा तास आई-वडिलांनी मुलासह बसून, कोणते दार खुले आहे, कोणते नाही आणि का, हे शांतपणे बोलावे. एखादे दार नियमामुळे बंद असेल तर तो मुलाच्या अभ्यासाचा दोष नव्हे, हे त्याला वडिलांच्या तोंडून ऐकू आले पाहिजे.

ज्यांचे मूल गेल्या वर्षी ह्या वाटेने गेले त्या घरांनी शेजारच्या घराला हात द्यावा. परप्रांतात आलेल्या, कन्नड न वाचता येणाऱ्या आईला क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्याची कचेरी दाखविणे, कारखान्यात पाळीवर असलेल्या बापाला अर्जाची तारीख सांगणे, ह्याला खर्च काही नाही. शनिवारी संध्याकाळी चार घरांनी आपापल्या फायली घेऊन एकत्र बसावे, एकमेकांचे अर्ज तपासावेत आणि पुढील आठवड्याच्या तारखा वाचून घ्याव्यात.